आधी कोणाला सांगायचं

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावच्या रुग्णालयात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नेव्हिल इथलाच; त्याची बायको शूफेन लग्न करून चीनहून आलेली. नेव्हिलच्या तपासणीचा निकाल ऐकायला दोघं आली होती.

“नेव्हिल, आत आधी मी एकटी जाते.”

“आजार माझा आणि डॉक्टरांना भेटणार तू?”

“आमच्याकडे आधी घरच्यांना सांगतात. आजारी माणूस ऐकूनच खचतो.”

“आमच्याकडे त्यालाच तोंडावर सांगतात. तो ‘बरं, बघू’ म्हणतो आणि घरी जाऊन क्रिकेट लावतो.”

“आणि आतल्या आत घाबरतो. पण बोलायचं नाही!”

“तुम्ही तरी कुठे बोलता? प्रेम आलं की सफरचंद कापून पुढ्यात ठेवता.”

“खातोस ना? मग झालं तर.”

“शूफेन, मला परवाच कळलंय. डॉक्टरांचा फोन आला होता.”

“परवा? आणि मला आज सांगतोयस?”

“काल तुझा चंद्राचा सण होता. लेक आली होती, नातवंडं होती. तू किती हसत होतीस.”

“चांगलं नाहीये ना?”

“नाही.”

“हे लपवणं कुठे शिकलास रे?”

“तुझ्या आईच्या आजारपणात. तुम्ही बहिणी तिच्यापुढे हसत बसायचात. तेव्हा मला तुमचा फार राग आला होता.”

आतून नेव्हिलला हाक आली, तशी शूफेन आधी उठली.

“चल, ऊठ. दोघं जाऊ. डॉक्टरांना म्हणावं, काय असेल ते दोघांनाही स्पष्ट सांगा.”

“तू रडशील.”

“रडेन. तू माझ्या शेजारी बस.”