कानबाईचे रोट

धुळे स्टँडवर दोंडाईच्याच्या गाडीची वाट बघत माझ्यामागे दोघी बसल्या होत्या.

"प्रमिलाअक्का, ऑस्ट्रेलियाहून कधी आल्या?"

"परवा. तिकडे विमानतळावर उतरल्या उतरल्या तपासणीच्या साहेबानं बॅग उघडायला लावली. वरच कानबाईचे रोट."

"रोट कशाला नेले?"

"आमचा स्वप्नील तीन वर्षं घरी आला नाही. पण रोटासाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाची गव्हाची मूठ घेतो, तशी त्याचीही दरवर्षी घेतोच ना आपण. साहेब म्हणे, हे आत जाणार नाही, कचऱ्यात टाका."

"कानबाईचा प्रसाद कचऱ्यात?"

"टाकता येईना, भाऊबंदांबाहेर कोणाला देता येईना. मग आम्ही दोघं नवरा-बायको तिथंच बाकावर बसलो आणि बठ्ठे खाल्ले, एक ठेवला नाही."

"साहेब काही बोलला नाही?"

"पाणी आणून दिलं बिचाऱ्यानं. मला धाकधूक वेगळीच. पोरगा फोनवर निम्मं इंग्रजीत बोलतो. म्हटलं, तिकडचाच झाला असेल. त्यात माझा डबा रिकामा."

"मग?"

"बाहेर आल्यावर पाया पडला. मी न धुतलेला हातच त्याच्या तोंडावरून फिरवला. तर तो हात त्यानं नाकाशी धरला, सोडेच ना. आपल्या अहिराणीत म्हणे, माय, हाऊ रोटना वास शे."