दीड वाजल्यानंतरची सावली

मी रशीद मुलाणी, वय त्रेपन्न. गाव चाकणपासून अकरा किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याला, आणि आमची वस्ती गावापासून आणखी सव्वा किलोमीटर लांब. आकडे मी नेमके सांगतो, कारण सत्तावीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, मोजल्याशिवाय पास म्हणायचं नाही ही सवय अंगात मुरलेली. वस्तीवर दोनच घरं, एक आमचं, एक माझ्या चुलतभावाचं, हमीदचं, मधे बांध. अब्बा आणि चाचांची वाटणी झाली तेव्हा बांधावरची मोठी चिंच हमीदच्या बाजूला गेली. लहानपणी त्याच चिंचेखाली आम्ही दोघं कंदिलाच्या काचा पुसत बसायचो, कारण वस्तीला वीज नव्हती. गावात होती, आमच्याकडं नव्हती.

मग मी निगडीला आयटीआय केलं, कंपनीत लागलो, लग्न झालं, आणि मोशीत एका खोलीत भाड्यानं बारा वर्षं काढली. तिथं शमीमनं, म्हणजे माझ्या बायकोनं, घरघंटी घेतली. एक एचपीची. आधी शेजारच्या चार बायका यायच्या, मग आख्खी गल्ली यायला लागली. काय सांगू तुम्हाला, त्या घरघंटीनं तिला जो मान दिला तो माझ्या क्वालिटीच्या बिल्ल्यानं मला कधी दिला नाही. बाया तिला पीठवाली भाभी म्हणायच्या. पुढं अब्बा गेले, अम्मी वस्तीवर एकटी पडली, म्हणून आम्ही परत आलो. येताना शमीमनं एकच विचारलं, तिथं माझी घरघंटी चालंल ना? मी म्हणालो, चालंल. हा शब्द मी दिला होता.

वस्तीवर वीज अजूनही नव्हती, आणायची तर खांब हमीदच्या रानातून यायला पाहिजे, दुसरी वाट नाही. मी त्याच्याकडं गेलो. तेव्हा गोदामांसाठी जागा बघणारे दलाल रोज वस्तीवर चकरा मारायचे. तो म्हणाला, रशीद, खांब आला की जागेचा भाव गेला, मी न्हाई सही करायचो. मी म्हणालो, हमीदभाई, सख्खा चुलतभाऊ आहे मी. तो म्हणाला, व्हय, म्हणूनच तोंडावर सांगतोय, दुसऱ्याला चहा पाजून फिरवला असता. मला राग आला. मी म्हणालो, ठेव तुझा खांब तुझ्यापाशी. त्या दिवसापासून बोलचाल बंद.

मग सोलर बसवलं. तीनशे तीस वॅटची सहा पॅनेलं, चार बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर. सगळा हिशेब मी स्वतः मांडला. फ्रिज दिवसाला एक युनिट, पंखे-दिवे एक, पाण्याची मोटर अर्धा, घरघंटी तीन तास चालली तर अडीच. पाच युनिट लागणार, आठ मिळणार. बसवणारा पोरगा जाणता होता, तो म्हणाला, काका, छपरावर नको, पलीकडं तुमच्याच पूर्वेच्या मोकळ्या तुकड्यात लोखंडी सांगाडा उभा करू, तिथं दिवसभर ऊन आहे. पण तिथं सामान न्यायचं तर हमीदच्या बांधावरून, म्हणजे त्याला विचारावं लागणार. मी म्हणालो, छपरावरच घे. मे महिना होता. मी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला छपरावर चढून सावली बघितली. कुठं सावलीचं नाव नाही. पास.

पहिले महिने बरे गेले. शमीमला मी भिंतीवर तक्ता लावून दिला, दळण अकरा ते दोन, मोटर दोननंतर, ढग असले तर दळण बंद. ती म्हणाली, तुमची कंपनीत शिफ्ट, आता माझ्या पिठाचीपण शिफ्ट, ओव्हरटाइम मिळंल का? हसत म्हणाली, पण तक्ता पाळला. रस्त्याकडच्या खोल्यांमधून कामगारांच्या बायका ज्वारी घेऊन यायला लागल्या, बहुतेक मराठवाड्याकडच्या, त्यांना भाकरीला ताजंच पीठ लागतं. चालत यायच्या, वीस-वीस मिनिटं.

आणि नोव्हेंबरात युनिट पडायला लागले. साडेसात, सहा, मग साडेचार. मी वायर तपासल्या, कंपन्यांची धूळ बसते म्हणून पॅनेलं पुसली, काही फरक नाही. एका रविवारी छपरावर बसून राहिलो तेव्हा कळलं. थंडीत सूर्य दक्षिणेकडं कलतो, आणि दक्षिण-पश्चिमेला हमीदची चिंच. दीड वाजला की तिच्या दोन फांद्यांची सावली माझ्या शेवटच्या पॅनेलवर. एकाच पॅनेलवर, पण सगळी एका ओळीत जोडलेली, एक झाकलं की सहाही मंदावतात. सत्तावीस वर्षं लोकांच्या मालात केसाएवढी चूक काढणारा मी, आणि मे महिन्यातल्या सावलीवर वर्षाचा हिशेब केला.

दीडनंतर घरघंटी सुरू केली की इन्व्हर्टर ओरडायचा. बायांच्या पिशव्या तशाच पडून राहायला लागल्या. एक बाई म्हणाली, भाभी, रात्रपाळीचा माणूस उपाशी जातोय की. शमीम मला म्हणाली, अहो, दोन फांद्यांचा प्रश्न आहे, जाऊन सांगा भाईंना. मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, बघायचं काय त्यात, तोंड उघडायचं. मी जाऊ का? मी म्हणालो, तू गेलीस तर मी गेल्यासारखंच होईल, नको.

ईदला आमच्यात नमाजनंतर गळाभेट घ्यायची रीत आहे, भांडण असलं तरी. मी ठरवलं, त्या गळाभेटीत सांगायचं. हमीद समोर आला, तीनदा गळ्याला लागला, त्याचा हात माझ्या पाठीवर दोन क्षण जास्तच राहिला. ईद मुबारक म्हणाला. मी ईद मुबारक म्हणालो. आणि पुढं सरकलो. पुढच्या ईदलाही तेच. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असायचं, युनिट परत आठवर, मला वाटायचं, आता कशाला, थंडीत बघू.

मधे अम्मी गेली. तिसऱ्या थंडीत शमीमनं भांडणच केलं नाही. एका सकाळी आमचा मुलगा सलीम मोशीहून टेम्पो घेऊन आला, तो तिकडंच राहतो, त्याच्या बिल्डिंगखाली एक गाळा रिकामा होता. दोघांनी घरघंटी उचलली. शमीम म्हणाली, मी रागावून नाही चालले, पण मला हात बांधून बसता येत नाही. शुक्रवारी येत जाईन. मी टेम्पोला मागनं दोरी बांधून दिली. गाठ पक्की आहे का, दोनदा बघितली. दुसरं काय करणार.

त्याच दुपारी मी बांध ओलांडला. आता गमवायचं काय राहिलं होतं? हमीद गोठ्यापाशी होता. मी म्हणालो, भाई, चिंचेच्या दोन फांद्यांची सावली पडते. त्यानं हातातली वैरण खाली टाकली. म्हणाला, येवढंच? तीन वरसं तू शिडीवर चढून माझ्या चिंचेकडं टक लावून बघतोस, मला वाटलं चिंचा मोजतोय. बायकोला म्हणालो पण, रशीद वाटणी परत काढणार, दिसतंय. अरे, एक हाक मारायची. आणि कोयता घेऊन तो स्वतः वर चढला, साठीला आलेला माणूस. तासाभरात फांद्या खाली. उतरून म्हणाला, खांबाचंबी बोल आता. दलाल गेले, भाव गेला, खांबाची सही घेऊन जा. मी म्हणालो, खांब नको आता. कुणासाठी आणू?

या थंडीत साडेसातच्या खाली एकही दिवस गेला नाही. मी शमीमला सांगितलं, ये परत, दिवसभर घरघंटी चालंल. ती म्हणाली, इथं रोजची पस्तीस-चाळीस घरं जोडली आहेत, त्यांना आता मधेच कसं सोडू? तिथं तुमच्या तक्त्यातल्या तासांनी दळायचं, इथं बटण दाबलं की सुरू. खरं आहे ते. मी मोशीला जाईन म्हणतो, पण रिटायरमेंटला पाच वर्षं आहेत, कंपनी इथनं जवळ, आणि अब्बांची जागा अशी टाकवत नाही.

हमीद आता संध्याकाळी चहाला येतो, बोलतो, हसतो. तो गेला की शमीमचा फोन येतो. विचारते, आज किती? मी सांगतो, सात पॉइंट आठ. ती विचारते, लागले किती? मी सांगतो, दीड. मागनं तिच्या घरघंटीचा आवाज येत असतो, बाया बोलत असतात. मी म्हणतो, गिऱ्हाईक थांबलंय, ठेव. अल्ला तिच्या हाताला बरकत देवो. चालतंय ना तिचं, बास.