क्रमांक एकचं कार्ड

(उत्तर फ्रान्समधल्या रोसेनगेम गावचं फुटबॉल मैदान. १९८७ च्या ऑक्टोबरातला एक रविवार. प्रेक्षकांच्या गॅलरीखाली क्लबचं कार्यालय आणि त्याला लागूनच जॉर्जेतचा बार.)

व्हांदाम : कार्डावर जुनी तारीख घाल आणि सचिव म्हणून सही कर, एवढंच म्हणतोय. दरोडा घालायला सांगत नाही, सिप्रिएँ.

सिप्रिएँ : तारीख आजची पडेल, मालक. अकरा ऑक्टोबर.

व्हांदाम : आजच्या तारखेचं कार्ड घेऊन काय करू? उद्या संध्याकाळी सहाला पॅरिसमध्ये अर्ज बंद होतात. लीगच्या अध्यक्षपदाला उभं राहणारा सलग पाच वर्षं आपल्या क्लबचा सभासद असायला हवा. तिथला कारकून मला फोनवर विचारतो, पंच्याऐंशी सालचं तुमचं कार्ड कुठे आहे? मला विचारतो. अडतीस वर्षं क्लबचा अध्यक्ष असलेल्या माणसाला.

सिप्रिएँ : अध्यक्ष आहात. त्या वर्षी सभासद नव्हतात.

जॉर्जेत : कॉफी ठेवली आहे दोघांची. आणि मालक, बूट उंबऱ्यावर झटकले असतेत तर बरं झालं असतं. सकाळीच फरशी पुसली.

व्हांदाम : जॉर्जेत, तू तरी सांग याला. दरवर्षी जुलैत हाच कार्डांचा गठ्ठा घेऊन माझ्या कापडगिरणीच्या कचेरीत यायचा. मी वर न बघता सही करायचो. मग त्या वर्षी काय झालं?

सिप्रिएँ : त्या वर्षी मी आलो नाही.

व्हांदाम : विसरलास?

सिप्रिएँ : मी तंत्रशाळेतून शिकलेला माणूस आहे. गिरणीतल्या मागाचा एक खिळासुद्धा विसरलेलो नाही. नियम असा आहे की, सभासदाने पंधरा जुलैच्या आत स्वतः कार्यालयात येऊन सही करावी. हा नियम तुमचाच. खेळाडूंना भर उन्हात रांगेत उभं करण्यासाठी केलेला. मी तो टाइप करून फलकावर लावला. तुम्ही दर रविवारी त्या फलकावरून जात होतात.

व्हांदाम : मी कशाला फलक वाचेन?

सिप्रिएँ : मला वाटलंच होतं.

जॉर्जेत : अरे देवा. म्हणजे तुम्ही मुद्दाम केलंत?

सिप्रिएँ : त्या जूनमध्ये मालक इथेच, तुझ्या बारमध्ये उभे होते. हातात बिअर. म्हणाले, गिरणी झाली, नगराध्यक्षपद झालं, खासदारकी झाली. आता सत्तरीच्या आत एकदा लीगची खुर्ची. पुढच्या सोमवारी मी नोटीस लावली.

व्हांदाम : दोन वर्षं. दोन वर्षं तू माझ्यासमोर बसून सभांचं इतिवृत्त लिहीत होतास.

सिप्रिएँ : इतिवृत्तात एकही चूक सापडणार नाही.

व्हांदाम : बरं. काय हवंय? घराचं छप्पर? पोराला नोकरी?

जॉर्जेत : पोर कुठलं त्यांना, मालक. एवढंही ठाऊक नाही?

सिप्रिएँ : हा खण उघडतो. बघा. पंच्याऐंशी सालचं कार्डांचं पुस्तक. दोनशे चौदा कार्डं भरलेली, एक कोरं. क्रमांक एक. अध्यक्षांचं. त्यावर जुनी तारीख घालून मी सही केली, तर पॅरिसमध्ये देवालाही कळणार नाही.

व्हांदाम : मग कर ना.

सिप्रिएँ : माझ्या सहीशिवाय ते कार्ड म्हणजे पुठ्ठा. हे तुम्हाला समजावं, म्हणून दाखवलं.

जॉर्जेत : सिप्रिएँ, पुरे झालं आता. या गॅलरीचं छत चार ठिकाणी गळतंय. मालक पॅरिसला बसले, तर छताचं काम तरी मार्गी लागेल. तुमच्या रागापायी पोरांनी भिजत बसायचं?

सिप्रिएँ : तुझे वडील असते, तर असं म्हणाले नसते. तुमच्या खानावळीत तो दक्षिणेचा माणूस तीन दिवस बसला होता, आठवतंय?

जॉर्जेत : पिवळ्या हातमोज्यांचा? आठवतोय की. मी चौदाची होते. सकाळ-संध्याकाळ मालकांच्या दारात जाऊन उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी आईने त्याला डब्यात बटाटे बांधून दिले आणि तो स्टेशनवर गेला.

व्हांदाम : कोण माणूस?

सिप्रिएँ : एकोणीसशे पन्नासचा जून, मालक. मी चोवीस वर्षांचा. दक्षिणेतल्या पहिल्या श्रेणीच्या क्लबाने मला मागितलं होतं, तो त्यांचाच माणूस. किंमत ठरली होती, तुमच्या हिशेबनीसाने होकार दिला होता. फक्त मुक्ततेच्या पत्रावर तुमची सही हवी होती. तेव्हाचा कायदा तुम्हाला माहीत आहे. पस्तिशी होईपर्यंत खेळाडू क्लबचा. मालकाने सोडलं नाही, तर दुसरीकडे खेळायचं नाही.

व्हांदाम : ते सगळ्यांनाच होतं. कायदा मी केला नव्हता.

सिप्रिएँ : सही तुमची होती. अकरा वर्षं मी इथल्या चिखलात अडकलो. बत्तिसाव्या वर्षी गुडघा गेला, पस्तिसाव्या वर्षी सुटलो. लंगडा घोडा मोकळा सोडावा, तसा.

व्हांदाम : मी तुला रस्त्यावर टाकलं नाही. गिरणीत आराखड्यांच्या खोलीत बसवलं, इथे सचिव केलं. पोटाला लावलं तुला.

सिप्रिएँ : हो. नजरेसमोर ठेवलंत. त्याचे आभार मी दर नववर्षाला मानत आलो आहे.

जॉर्जेत : मालक, त्यांच्यासमोर पोटाची भाषा नको. भडका उडेल.

व्हांदाम : ठीक आहे. मी माफी मागतो. लेखी हवी असेल, तर लेखी देतो. सत्तर पूर्ण व्हायला मला पाच महिने उरलेत. सत्तरीनंतर उभं राहता येत नाही.

सिप्रिएँ : हाही नियम तुमच्याच सूचनेवरून झाला. लीगच्या आधीच्या म्हाताऱ्या अध्यक्षाला घालवण्यासाठी.

व्हांदाम : तुला सगळं पाठ आहे.

सिप्रिएँ : एक गोष्ट नाही. तेवढी तुम्ही सांगितलीत, तर लेखणी उचलतो. जॉर्जेत साक्षीला आहे.

व्हांदाम : विचार.

सिप्रिएँ : का? सदतीस वर्षं मी कारणं जुळवतोय. मे महिन्यात गिरणीच्या फाटकात, कामगारांच्या देखत मी सही मागितली, म्हणून? संपाच्या वेळी माझा भाऊ पुढे होता, म्हणून? की तुमच्या वडिलांना मी आवडायचो, म्हणून? तुम्ही मला का अडवलंत?

व्हांदाम : किंमत कमी वाटली असेल.

सिप्रिएँ : किंमत तुम्हीच सांगितली होती.

व्हांदाम : मग क्लबचं हित. गावाचा लाडका गोलरक्षक...

सिप्रिएँ : मी मध्यरक्षक होतो.

जॉर्जेत : झालं. घ्या आता.

व्हांदाम : सिप्रिएँ, जून पन्नास म्हणालास ना? जूनमध्ये वडिलांनी नवी नाव घेतली होती. समुद्रावर. मी महिनाभर तिकडेच होतो.

सिप्रिएँ : आणि पत्र?

व्हांदाम : खोटं सांगू की खरं?

सिप्रिएँ : खरं.

व्हांदाम : परत आलो तेव्हा कागदांचा ढीग होता. त्यात असेल. मी तुला अडवलं नाही रे. अडवायला आधी तू लक्षात तरी असायला हवा होतास. तो कागद टेबलावर राहून गेला.

जॉर्जेत : ...सिप्रिएँ. कॉफी घ्या. गार होतेय.

व्हांदाम : खरं सांगितलं. आता तुझा शब्द पाळ. उचल ती लेखणी.

सिप्रिएँ : उचलली. जॉर्जेत, सामना किती वाजता आहे?

जॉर्जेत : तीनला. खेळाडू मैदानात उतरलेसुद्धा.

सिप्रिएँ : मग निघायला हवं. पंचांची वही माझ्याकडे आहे, आणि त्यात लिहायला ही लेखणी लागेल.

व्हांदाम : आणि हे कार्ड?

सिप्रिएँ : राहू द्या टेबलावर.