हरेश्वरचं नाव स्पर्धेला नको

वहिनी, आणि जमलेली मंडळी,

असं उभं राहून बोलायची मला सवय नाही. मी आणि हरेश्वर, दोघंही मैदानात ओरडणारी माणसं. आज तो गेल्याचं दुःख आहेच. आणि खरं सांगू? रागही तेवढाच आलाय. तो गिळून मला गोड बोलता येणार नाही.

आत्ताच क्लबच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं, हरेश्वरच्या नावाने टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा भरवणार. सगळ्यांत जास्त सिक्सर मारेल त्याला मोटारसायकल. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या! जिवंतपणी ताक विचारलं नाही, आता मेल्यावर तूप वाढताय. नाव द्यायचं की नाही, हे वहिनींनी माझ्यावर सोपवलंय. म्हणून ऐका.

इतकी वर्षं तुमचा कोच होता हरेश्वर. त्याने तुम्हाला कधी सिक्सर शिकवला? सातपाटीचा माणूस तो. म्हणायचा, "बोटीवरून फेकलेली टोपली धरताना कोळी हात मागं घेतो ना, तसा झेल घ्या रे. हात ताठ ठेवाल तर बॉल उडणारच." थ्रो चुकला तर अडवायला मागे एकाने धावा म्हणायचा. दोघांच्या मध्ये बॉल उडाला तर 'माझा' म्हणून ओरडा म्हणायचा. एवढंच मागत होता.

आणि तुम्ही? आपल्या बोईसरची खास रीत. स्वतःची बॅटिंग झाली की कंपनीतली शिफ्ट आठवते. फिल्डिंगला बदली माणूस उभा करायचा, आणि शिफ्ट कुठे, तर टपरीवर!

नितेश, तू कॅप्टन. मान खाली घालू नकोस, तुलाच सांगतोय. तो म्हणाला, "अर्धा तास आधी या रे, झेलासाठी बॉल उडवतो." तू काय म्हणालास? "दादा, आमी बॅटिंगवर जिंकतो. झेल काय, सुटायचेच." सगळे हसलात. तोही हसला. त्याचं हसू मी जवळून पाहिलंय.

दांडी गावातली मॅच आठवते? ओपनर आउट होऊन निघून गेला, बदली मिळेना. साठी उलटलेला हरेश्वर बाउंड्रीवर उभा राहिला. झेल आला. तो मागे पळाला, पडला, लोळला. बॉल सोडला नाही! तुम्ही त्याचा व्हिडिओ ग्रुपवर फिरवलात. कुठपर्यंत? पडतो तिथपर्यंत. बॉल धरून वर केलेला हात कापून टाकलात. खाली हसऱ्या इमोजींची रांग.

पुढे आजारपणात, खाटेवर पडल्या पडल्या, तोच व्हिडिओ दाखवून त्याने मला विचारलं, "गड्या, यांना झेल दिसलाच नाय काय?"

मी काय सांगायला हवं होतं? बोला ना!

स्पर्धा खुशाल भरवा. मोटारसायकल द्या, नाहीतर ट्रक द्या. हरेश्वरचं नाव मिळणार नाही.

काल वहिनी म्हणाल्या, "भावजी, मला बॅट धरता नाय येत. पण बॉल उंच फेकता येतो. रविवारी सकाळी यांची बॉलची पिशवी घेऊन मी मैदानावर जाणार हाय." ज्याला श्रद्धांजली वाहायची असेल, त्याने त्या माउलीसमोर झेल घ्यायला उभं राहावं. कोणीच आलं नाही तर मी आहे. गुडघे कुरकुरतात, पण वाकेन.

आता उठा. थोडा वेळ तोंडं मिटून त्याला आठवा. आठवत नसेल, तर निदान लाज वाटू द्या.

हरेश्वर, गड्या, तुला माझा रामराम.