दादाच्या अंगावरचा कोट

— आज दोन एप्रिल, बाहेर लख्ख ऊन पडलंय, गल्लीत पसरलेली मासळी दुपारपर्यंत वाळेल — आणि तुम्ही म्हणता हवा दमट आहे, पुढच्या आठवड्यात बघू? नाही ख्वेमास्तर. सोमवारी पितरांचा दिवस. तोवर दोन्ही फोटो भिंतीवर लागायलाच हवेत — डावीकडं आमचे हे, उजवीकडं माझा दादा. ह्यांचा तुम्ही छान मोठा करून दिलात, लष्करी टोपीसकट. आता दादाच्या अंगावरचा तो रंगवलेला कोट पुसायचा, एवढंच तर काम. — ची-युआन येऊन गेला ना तुमच्याकडं? वाटलंच मला. काय म्हणाला — आई म्हातारी झालीय, तिचं ऐकू नका, कोट राहू द्या? पोटचा मुलगा, आणि माझ्यामागं दुकानात कानाफुसी करतो! त्याला भीती कसली, तर सोमवारी बाबांच्या पलटणीतले म्हातारे येणार नमस्काराला — जपान्यांशी आठ वर्षं लढलेले — आणि बाबांशेजारी जपानी गणवेशातला मामा बघून त्यांना काय वाटेल. वाटू दे की!

चहा नको, बसते मी. — हो, कोट तुमच्या वडिलांनीच रंगवला, मी आईबरोबर होते. सत्तेचाळीस साल. आपल्या बेटावरचं पन्नास वर्षांचं जपानी राज्य गेलं होतं, चीनमधून नवं सरकार आलं होतं, शिपाई घराघरात शिरत होते, जपानी खूण सापडली की माणसं उचलून न्यायचे. आईनं फोटो सदऱ्याखाली लपवून आणला आणि एक बदक दिलं. तुमच्या वडिलांनी गणवेशावर काळा कोट चढवला, वर हौसेनं टाय. टाय! दादा जन्मभर अनवाणी, गुडघाभर चिखलात उभं राहून कालवं काढायचा. हसताय? हसा. पण हात चांगला होता हो त्यांचा. म्हणूनच तुमच्या जिवावर येतंय, कळतं मला. बापाचं काम पुसायचं म्हणजे.

काय? — राजीखुशीनं जपानी सैन्यात गेला, असं कागदावर आहे खरं. माझ्या वडिलांनी शिक्का मारेपर्यंत जपानी पोलीस आमच्या ओट्यावरून हलला नाही, ते कागदावर नाही. वीस वर्षांचा होता. बोटीनं दक्षिणेला गेला, परत आली ती निघण्याआधी कापून ठेवलेल्या नखांची डबी. जपानी म्हणाले सम्राटाचा वीर, नंतरचे म्हणाले जपान्यांचा कुत्रा — आईला कुणी विचारलं? मला तो गणवेश आवडतो म्हणून नाही सांगत. मरताना तो त्याच्या अंगावर होता. कारकुनाच्या कोटात नाही मेला माझा भाऊ.

कॉलरवरचा तेलकट डाग? — असू दे तो. म्हणजे पुसा, पण विचारू नका. — छे, तुमच्या वडिलांचा कसा असेल, त्यांचं काम असं बरबटलेलं नसायचं. — बुटाचं पॉलिश आहे ते! झालं समाधान? — आता अर्धं बोललेय तर ऐका. लग्नात आईनं ह्यांना सांगितलं होतं, थोरला मुलगा साखर कारखान्यात कारकून होता, तापानं गेला. आमचे हे चीनमधल्या शान्तुंगचे, त्या नव्या सरकारच्याच फौजेतले, मांडीत जपानी गोळीचा तुकडा, थंडीत ठणकायचा — कोण सांगणार त्यांना खरं? मग एका नववर्षाला ह्यांचे दोस्त जेवायला यायचे होते, मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे स्टुलावर चढलेले, हातात पॉलिशची डबी. उदबत्तीच्या धुरानं रंगाचा पोपडा निघाला होता, आतून गणवेशाचा तारा दिसत होता. हे बोटानं पॉलिश चोपडत होते. पाठ न वळवता, आमच्या भाषेत — मोडकीतोडकी बोलायचे — म्हणाले, "कारकुनाचा कोट उसवलाय." बस. खाली उतरले, दादाला उदबत्ती लावली. पुढं दरवर्षी, दोस्त यायच्या आधी, तसंच. कधी एक शब्द नाही. — ची-युआनला ठाऊक नाही हे. कुणालाच नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे, तुम्ही कोण माझे!

तेव्हा कोण कुणाशेजारी शोभतं ते मला नका शिकवू. ज्यांच्या मांडीत गोळी होती त्यांनी उदबत्ती लावली, आणि बाकीचे नाकं मुरडणार? मुरडू दे. चहा पितील, जातील. ह्यांनी झाकलं, कारण तेव्हा मला उचलून नेलं असतं. आता कोण नेतंय मला, असले गुडघे घेऊन?

चेहऱ्यावर बेतेल म्हणता? रंगाबरोबर खालचा थरही सुटेल? — दुसरी प्रत नाही, माहितीये मला. तरी पुसा. नाहीतर आणा तो कापसाचा बोळा इकडं, मीच — नाही ना? मग चला. खालून सुरू करा. — हं. — टाय गेली, बरं झालं. — थांबू नका. — थांबू नका म्हणते ना!

…

असाच मोठा करा. ह्यांच्याच मापाचा. — हो, दिसतंय मला. कोट सगळा निघाला. कॉलरवर एक तारा आहे. हनुवटी आणि खालचा ओठ कापसाबरोबर गेला.