न वाचलेले चारशे बारा अर्ज

आजच्या निरोप समारंभाचं अध्यक्षपद सांभाळणारे आमचे संचालक महोदय, त्यांच्या शेजारी बसलेले प्राचार्य, ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलं आहे त्या मूल्यमापन कक्षाच्या आमच्या बाई, पहिल्या रांगेत जरा अवघडून बसलेले बाईंचे यजमान, सहकारी मित्रमैत्रिणींनो, विद्यार्थ्यांनो, आणि शेतातली कामं टाकून आलेल्या, पण खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शेतकरी बंधुभगिनींनो... आधी तुम्ही बसून घ्या बघू. या, पुढे या. मी थांबतो.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यापुढे लिहिलंय, ‘मनोगत, पाच मिनिटं’. सव्वीस वर्षं कीटकशास्त्र शिकवतोय मी. पाच मिनिटांत माझी अळी अंड्याबाहेरसुद्धा येत नाही, हे विद्यार्थ्यांना माहीत आहे. तेव्हा अध्यक्षांनी थोडं सांभाळून घ्यावं.

आत्तापर्यंतच्या वक्त्यांनी बाईंना मनमिळाऊ म्हटलं, शांत म्हटलं. मी खाली बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे कुणाविषयी चाललंय? आपण सगळे त्यांना पाठीमागे मोजणीबाई म्हणायचो आणि त्या येताना दिसल्या की जिना बदलायचो. कारण त्या प्रश्न विचारायच्या. तुम्ही प्रशिक्षण दिलंत, ठीक. मग शेतात काय बदललं? एवढा साधा प्रश्न. पण त्याने भल्याभल्यांच्या कपाळावर आठ्या चढायच्या.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. ती आज सांगितली नाही, तर बाई जातील आणि ती या इमारतीत कायमची गाडली जाईल.

आपण भाजीपाल्याच्या रोपवाटिकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं होतं. शेतकऱ्यांना एक दिवस याच सभागृहात बोलवायचं, फवारणीची माहिती द्यायची, हातात पत्रक द्यायचं. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी एक हंगाम त्या शेतकऱ्यांबरोबर काम करणार. कागदावर सुरेख योजना. पत्रकाच्या मुखपृष्ठावर फवारणी पंप घेतलेला माझा फोटो होता. छापण्याआधी ते तपासायला माझ्याकडेच आलं होतं. मी काय तपासलं? फोटो नीट आलाय का ते. हसू नका. हसण्यासारखं पुढे काही नाही.

आतल्या पानावर औषधाचं प्रमाण होतं. एक लिटर पाण्यात शून्य पूर्णांक तीन मिलिलिटर. छापताना शून्य गळालं, टिंब गळालं, उरले नुसते तीन. दहापट!

आमची एक विद्यार्थिनी तेव्हा एका टोमॅटोच्या रोपवाटिकेत काम करत होती. शिंप्याची मुलगी. वर्गात सारखे प्रश्न विचारायची, म्हणून पोरं तिला ‘शंका’ म्हणायची. रोपवाटिका चालवणाऱ्या ताई आणि त्यांचे दीर पंप भरत होते. दीर प्रशिक्षणाला येऊन गेलेले. रोपं लावणाऱ्या, पाणी देणाऱ्या, फवारणाऱ्या ताईंना मात्र आपण बोलावलंच नव्हतं. शंकाने सवयीने बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि ओरडली, “ताई, थांबा! हे प्रमाण चुकलंय.”

दीर म्हणाले, “अगं, कॉलेजच्या पत्रकात छापलंय. तुझे सर उभे आहेत वर पंप घेऊन.”

“सर असू देत. बाटलीवर वेगळं आहे. मी विचारून येते, तोवर हात लावू नका.”

ताईंनी पंप खाली ठेवला. म्हणाल्या, “भावजी, पोरीचं ऐका. रोपं करपली तर मीच सांभाळणार आहे, तुम्ही नाही.”

शंका इथे आली, योजनेच्या प्रमुखांना भेटली. तिला उत्तर मिळालं, “पत्रकात आहे तेच सांगायचं. शेतकऱ्यांसमोर संस्थेला खोटं पाडायला पाठवलंय का तुला?” तरी तिने परत जाऊन ताईंना बाटलीवरचंच प्रमाण वापरायला सांगितलं. आणि हंगाम संपल्यावर ‘सूचनापालन’ या सदरात तिला वीसपैकी चार गुण पडले. चार! जिने एक अख्खी रोपवाटिका वाचवली, तिला.

पोरगी गप्प बसली नाही. अभिप्रायाच्या अर्जात लिहायला जागाच नव्हती, कारण आपल्या अर्जात पर्याय कोणते? उत्कृष्ट, खूप चांगले, चांगले, समाधानकारक. वाईट म्हणायची सोयच ठेवली नव्हती आपण! तेव्हा तिने अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘पत्रकातील औषधाचे प्रमाण दहापट जास्त छापले आहे. कृपया पुन्हा वाटू नये.’

विद्यार्थ्यांचे आणि शेतकऱ्यांचे मिळून चारशे बारा अर्ज जमा झाले. योजनेच्याच कार्यालयात त्यांची बेरीज झाली. शहाण्णव टक्के समाधानी, असा अहवाल गेला, कौतुकाचं पत्र आलं, ते चौकटीत बसवून खाली दारापाशी लावलं. आणि पुढच्या वर्षी तेच पत्रक पुन्हा छापून वाटलं.

मी तुम्हाला विचारतो, चारशे बारा अर्ज मोजणाऱ्या इतक्या हातांपैकी एकालाही कागद उलटून बघावंसं वाटू नये?

दुसऱ्या वर्षीचं प्रशिक्षण झाल्यावर बाईंनी कुणाला न विचारता एक गोष्ट केली. त्या साठ शेतकऱ्यांच्या घरी गेल्या. त्यांनी अर्ज नेला नाही. एवढंच विचारलं, “शिकवलेल्यातलं काय केलंत? दाखवा.” साठांतल्या तेविसांनी करपलेल्या वाफ्यांच्या रिकाम्या जागा दाखवल्या. आणि एकानेही आपल्याला दोष दिला नाही हो! एक आजोबा म्हणाले, “बाई, तुम्ही नीटच सांगितलं असणार. माझ्याच हातून कुठे चुकलं, कळत नाही.” बाई मला म्हणाल्या होत्या, “त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

परत आल्यावर त्यांनी पत्रक आणि बाटली शेजारी ठेवली. मग कोठीतून जुन्या अर्जांचे गठ्ठे काढले आणि एकेक अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. तिसऱ्या दिवशी शंकाचा अर्ज सापडला. तो हातात घेऊन त्या माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, हे वर्षभर आपल्याच कपाटात होतं.”

त्यांनी अकरा पानांचा अहवाल लिहिला. कुणाचा अपमान नाही, एकही विशेषण नाही. पत्रक मागे घ्या, शेतकऱ्यांना कळवा, मुलीचे गुण दुरुस्त करा. अहवाल परत आला. शेरा होता, ‘सकारात्मक मांडणी करून सादर करावा.’

संचालक महोदय, आपण त्या वेळी या योजनेचे प्रमुख होता. शेरा आपल्या हातचा आहे. शंकाला उत्तरही आपणच दिलं होतं. बाईंनी आपल्याला विचारलं होतं, “सर, करपलेलं रोप सकारात्मक कसं मांडायचं?” आपण म्हणालात, “मूल्यमापन म्हणजे चुका काढणं नव्हे.”

चिठ्ठी मिळाली. वेळ संपली आहे, कल्पना आहे मला. तरी उरलेलं सांगणारच.

बाईंनी मांडणी बदलायला नकार दिला. मग तिघांची समिती नेमली गेली आणि तिने दोन पानांचा सुधारित अहवाल दिला. ‘हवामानामुळे काही ठिकाणी रोपांची हानी.’ तिघांपैकी एक मी. मला सगळं ठाऊक होतं. सही केली. का केली? विभागप्रमुखाची जागा रिकामी व्हायची होती. इतकं साधं आणि इतकं हलकं कारण होतं.

पत्रक गुपचूप बदललं, ‘नवी आवृत्ती’ म्हणून. जुनं चुकीचं होतं, हे कुणालाही कळवलं नाही. बाईंकडून मूल्यमापनाचं काम काढून घेतलं, आणि सभागृहाच्या तारखा नोंदवायचं काम दिलं. पाटी तेवढी मूल्यमापन कक्षाची राहिली.

तेव्हा या बाईंनी काय करावं? हजेरीपटावरून दोन्ही वर्षांची यादी केली आणि सुट्टीच्या दिवशी यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून घरोघर गेल्या. कुणी पत्रक गोठ्यात लावलेलं, कुणी कपाटाच्या दारावर. निळ्या पेनने तीन खोडायचं, खरं प्रमाण लिहायचं, खाली सही करायची, आणि म्हणायचं, “चूक तुमची नव्हती, आमची होती.” चौदा महिने लागले. संस्थेच्या वतीने माफी मागणारी ती एकच व्यक्ती होती, आणि तिला तसा अधिकार कुणी दिलेला नव्हता.

शंकाच्या गुणांसाठी त्यांनी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्रानंतर गुण दुरुस्त झाले. तोवर पदव्युत्तर प्रवेशाची यादी लागून दोन वर्षं उलटली होती. ती यादीत दोन गुणांनी राहिली होती. आज ती माती तपासणीच्या केंद्रात नोकरी करते. रजा टाकून आली आहे. चौथ्या रांगेत बसली आहे. बेटा, मी तुझा शिक्षक होतो, आणि तेव्हा एक शब्द बोललो नाही.

आता कामाचं सांगतो. आज सकाळी मी आवक विभागात एक पत्र देऊन शिक्क्याची पोच घेतली आहे. सुधारित अहवालावरची माझी सही मी मागे घेत आहे, बाईंचा मूळ अहवाल शंकाच्या अर्जासह संस्थेच्या अधिकृत नोंदीत घ्यावा, आणि दोन्ही वर्षांच्या प्रत्येक शेतकऱ्याला संस्थेने लेखी कळवावं. पत्राच्या प्रती दाराशी टेबलावर आहेत. जाताना घेऊन जा. आणि दोन्ही बाजू वाचा.

बाई, तुम्ही या संस्थेची लाज राखलीत, ती संस्थेला नको असताना. तुमचे आणि स्कूटर चालवणाऱ्या तुमच्या यजमानांचे मनापासून आभार. इतका वेळ ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, आवाज चढला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर ते सगळं मोठ्या मनाने पोटात घाला.

ती सही मात्र पोटात घालू नका. तिची चौकशी करा.