जबरीनचा चढ

पाहुण्यांना जबरीनचा किल्ला दाखवायला नेणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. आम्ही नव्हती सांगितली.

माझे सासरे पुण्याहून आमच्याकडे ओमानला, अझैब्याला आले होते. सगळं आयुष्य सह्याद्रीतले गड चढण्यात गेलेलं, पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून "माझे किल्ले संपले" एवढंच म्हणायचे. गाईडवाली ट्रिप आम्ही आधीच बुक केलेली, म्हणून निमूट आले. बस थांबली तसा त्यांनी थर्मास उघडला.

"तुम्ही जाऊन या. मी बसतो इथेच."

आम्हाला वाटलं, उन्हाने दमले असतील. गेलो. तासाभराने परत आलो तर म्हणाले, "इतक्यात उतरलात?"

नवरा म्हणाला, "कुठून उतरणार, बाबा? किल्ला हा काय, समोर."

ते तासभर त्याच किल्ल्याच्या भिंतीकडे बघत चहा पीत होते.

"हा? मला वाटलं, हॉटेल आहे. किल्ला असा सपाटीवर बांधतात होय?"

आमचा ओमानी गाईड सालेम "चाचा, यल्ला" म्हणाला आणि त्यांचा हात धरून घेऊन गेला. तळमजल्यावरची खजुराची कोठारं बघून दोघं परतले. बसमध्ये बसल्याबरोबर बाबांनी पुण्याला आपल्या ट्रेकच्या जोडीदाराला फोन लावला.

"शरद, आज एक किल्ला केला."

चढ कसा होता, असं पलीकडून विचारलं असावं.

"चढ नव्हता रे," बाबा म्हणाले. "बसमधून उतरणंच काय ते अवघड गेलं."